हेअर ड्रायर लावू नये

अकबर बादशहाची छावणी हलायची तेव्हा तिचं सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 भोई लागत, असं अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवून ठेवलं आहे. छावणीसमोर 40 गजांहून उंच खांब उभारून त्यावर मोठा कंदील लावत; त्याचं नाव आकाशदिवा. लांबून येणाऱ्याला मुक्काम कुठे पडलाय ते त्यावरून कळायचं. तंबूत ऐषारामात राहण्याला हल्ली ग्लॅम्पिंग म्हणतात आणि ते आजच्या पोरांचं खूळ आहे असा आमच्या पिढीचा समज आहे. औरंगजेब 1681मध्ये दक्षिणेकडे निघाला तो 1707मध्ये मरेपर्यंत परत गेला नाही. त्यातला बराचसा काळ छावणीतच गेला. तुळापूरच्या मुक्कामी संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाणांनी त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून नेल्याचं बखरी सांगतात. म्हणजे या व्यवसायातली सर्वांत गाजलेली गैरसोयसुद्धा आपल्याच मुलखातली.

आम्ही भंडारदऱ्याला राहिलो त्या तंबूला कळस नव्हता, तेव्हा ती काळजी नव्हती. लाकडी चौथऱ्यावर उभा केलेला जाड कापडाचा तंबू, आत खराखुरा पलंग, दोन-दोन रजया, मागे पडद्याआड न्हाणीघर. समोर जलाशय, पलीकडे रतनगड. वीज फक्त छतावरच्या सौर पॅनेलची. जाहिरातीत ‘ऑफ-ग्रिड’, म्हणजे बाहेरच्या तारांची वीज न घेणारं, हा शब्द इतक्या वेळा होता की मी मेणबत्त्या बरोबर घेतल्या होत्या. आत शिरताच खांबावर पाटी दिसली: ‘हेअर ड्रायर, इस्त्री, किटली लावू नये.’ व्यवस्था बघणाऱ्या दादांनी तोंडीही बजावलं, “ताई, ड्रायर लावला की समदं बंद पडतंय बघा. मग रातच्याला मला हुडकत येऊ नका.”

पलंगाखाली बॅटरी होती. माझ्यातली बिलं तपासणारी बाई लगेच जागी झाली. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तास, कागदावर 1.8 युनिट. पण असली बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की ती लवकर मरते, म्हणून खर्चायला मिळतं ते जेमतेम एक युनिट. पाच वॅटचे चार दिवे पाच तास जाळले तर 0.1 युनिट. आणि आमच्या घरचा 25 लिटरचा गीझर आंघोळीपुरता तापवायला पाऊण युनिटाच्या आसपास लागतं. एका आंघोळीत आठवड्याचे दिवे! हे गणित मी आयुष्यात प्रथमच केलं, आणि तेही सुट्टीवर. घरी बटण दाबताना मागे किती शिल्लक आहे हे दिसत नाही. महिन्याच्या शेवटी फक्त किती गेलं ते कळतं. इथे भिंतीवर चार हिरवे ठिपके होते. नऊच्या सुमारास त्यातला एक विझला आणि आमच्या घरात कधी नव्हे ती एकी झाली. मुलीने न सांगता फोन चार्जरवरून काढला. नवऱ्याने न्हाणीघरातला दिवा बंद केला, मी आत असताना.

डोंगरात येऊन माणसाला चांदण्या दिसतात, शांतता भेटते वगैरे सगळे लिहितात. दिसतात, नाही असं नाही. पण मला तिथे खरी मजा आली ती या चिक्कूपणाची. प्रत्येक गोष्टीचा तळ दिसत होता, पाण्याच्या टाकीचा, बॅटरीचा, रॉकेलच्या कंदिलाचा.

सकाळच्या गरम पाण्याला मात्र विजेची गरजच नव्हती. स्वयंपाकाच्या पडवीबाहेर तांब्याचा बंब धगधगत होता, आमच्या आजोळी होता तसाच, मधोमध धुराडं आणि खाली काटक्या. वरून एक बादली गार पाणी ओतायचं, तेव्हा तेवढंच कढत पाणी बाहेर येतं. उधारी नाही. गीझरपेक्षा ही वस्तू जास्त सुसंस्कृत आहे, असं माझं मत झालं; काजळीने हात बरबटल्यावरही ते टिकलं.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ज्या पाण्याकाठी आम्ही वीज अशी जपून वापरत होतो ते पाणी स्वतः वीज करतं. 1926मध्ये पुरं झालेल्या विल्सन धरणाखाली वीजनिर्मिती होते. आणि जलाशयाच्या वरच्या टोकाला, घाटघरला, तर डोंगराचीच बॅटरी केली आहे. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणातल्या खालच्या धरणातलं पाणी पंपाने घाटमाथ्यावरच्या धरणात चढवून ठेवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. प्रत्येकी 125 मेगावॅटचे दोन संच डोंगराच्या पोटात बसवले आहेत. चढवायला लागते त्यापेक्षा परत मिळते ती वीज कमीच, तरीही परवडतं, कारण वेळेला मिळालेल्या विजेला मोल असतं. तारा आमच्या डोक्यावरूनच गेल्या होत्या. आमचे दादा तर नऊ वाजता आम्हाला कंदील देऊन हाकेच्या अंतरावरच्या वाडीत गेले, घरी मॅच बघायला. तेव्हा ऑफ-ग्रिडमध्ये थोडं नाटक असतं हे कबूल. करवंदीच्या जाळीमागे झाकून ठेवलेला जनरेटरही मी पाहिला. मी काही बोलले नाही. नाटकाला गेल्यावर पडद्यामागे डोकावू नये.

तंबूबद्दल एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: आत पाऊस पडतो. डिसेंबरातल्या निरभ्र रात्री कापड आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन टाकतं आणि हवेपेक्षाही गार होतं; मग आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्यावर जमून थेंब होते. थंडी वाजते म्हणून जितकं बंद करावं तितकं जास्त ठिबकतं. पहाटे कपाळावर टपकन थेंब पडून उठल्यावर मला दादांचं “खालची चेन वाईच उघडी ठेवा” आठवलं. उघडल्यावर ठिबकणं कमी झालं, आणि गारठा थेट पायांशी येऊन बसला.

आणि आवाज. कापड वारा अडवतं, शब्द अडवत नाही. पिंगळ्याचं भांडण ऐकू येतं, चेन ओढल्याचा आवाज तर अख्ख्या मुक्कामाला कळतो, म्हणजे कोण किती वेळा उठलं हेही कळतं. शेजारच्या तंबूत साठीचं एक जोडपं होतं. दिवे मालवल्यावर काकांनी त्यांच्या मते हळू आवाजात विषय काढला. गादी मऊ, चहा पातळ, कमोडजवळ पाल. काकू “हळू बोला” म्हणत होत्या, त्या काकांपेक्षा मोठ्याने. शेवटी काकांनी निकाल दिला, “एवढ्या पैशांत महाबळेश्वरला एसी रूम आली असती.” मग घोरणं सुरू झालं. ते मात्र दोघांचं होतं, आणि तालात.

सकाळी बंबापाशी रांगेत काकू आमच्या पुढे होत्या. बादली ओतता ओतता त्यांनी मायेने विचारलं, “झोप लागली ना गं नीट?”

“हो काकू,” आमची कन्या म्हणाली, आणि मागून टॉवेल खांद्यावर टाकून येणाऱ्या काकांकडे वळून पुढे म्हणाली, “काका, पण महाबळेश्वरला या दिवसांत एसी लागत नाही हं.”