माळकरी बाबा आणि बर्ड्सव्हिलचा पब

बर्ड्सव्हिल, क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया. बुधवार, रात्र

दोन स्वेटर चढवून तंबूत लिहितेय. केसांत, कानांत, चहाच्या डब्यात, सगळीकडे लाल धूळ. साउथ ऑस्ट्रेलियातल्या मरी गावाहून इथवर ५१७ किलोमीटर कच्चा रस्ता. त्यात एक टायर धारदार गोट्यांनी खाल्ला.

बर्ड्सव्हिल हॉटेल या इथल्या पबचे फोटो इतके पाहिले होते, की प्रत्यक्षात ते एवढुसं वाटलं. वालुकाश्माच्या बैठ्या भिंती, रस्ता ओलांडला की थेट विमानांची धावपट्टी. बांधलं १८८४ साली. त्याच वर्षी मरीला रेल्वे आली, आणि क्वीन्सलँडची गुरं याच वाटेने तिथवर हाकत न्यायला लागले. १९०१ पर्यंत क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहती वेगवेगळ्या, सीमा इथून जवळच, म्हणून इथे जकात. तहानलेले गुराखी आणि वर जकातीचा खोळंबा. गावात तीन पब निघाले यात नवल ते काय! त्यातल्या एकाचं १९२३ मध्ये इस्पितळ झालं. उरला हा. तोही १९७९ मध्ये आतून जळाला, पण भिंती टिकल्या.

बाबा माळकरी. "मी परमिट रूममध्ये यायचं?" म्हणून दारातच अडले. आत छताला जुन्या टोप्या लटकलेल्या, घामाने काळ्या पडलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या. वर बघून बाबांचा पहिला प्रश्न, "या धुतात का कधी?"

इथे कुणी नाव विचारत नाही. कुठल्या रस्त्याने आलात, पाणी कुठे लागलं, एवढंच. शेजारच्या म्हाताऱ्या गुराख्याने आम्हाला आणि त्याच्या बायकोला एकदमच प्यायला मागवलं. बाबांसाठी जिंजर बिअर. नावात बिअर, म्हणून बाबांनी चष्मा लावून बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मग, "पण हा का पैसे देतोय?"

याला इथे 'शाउट' म्हणतात, मी सांगितलं. एकाने सगळ्यांना पाजायचं, मग दुसऱ्याची पाळी.

"म्हणजे भिशी," बाबा म्हणाले, आणि पुढची पाळी त्यांनीच घेतली. तुळशीची माळ सावरत तीन बिअरचे पैसे मोजले. आईला हे कळवायचं नाही असं ठरलंय.

गप्पा उंटांवर गेल्या. रेल्वे संपली की तिथून पुढे माल न्यायचे ते उंटच. १८६६ मध्ये त्यांचा मोठा तांडा कराचीहून आला होता. बाबांमधला इतिहासाचा मास्तर जागा झाला: कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे याला सांग! सांगितलं. गुराखी शांतपणे म्हणाला, "मग घेऊन जा परत. फार माजलेत इथे."

तिसरी फेरी त्याच्या बायकोने दिली आणि दोघं झोपायला गेली.

उद्या पहाटे बिग रेड, ३५ किलोमीटरवरची वाळूची टेकडी. सूर्योदय गाठायचा तर पाचला उठायला हवं. पण पब सकाळी किती वाजता उघडतो, हे बाबांनी आता दुसऱ्यांदा विचारलं. त्या बाईची फेरी अजून आपल्या अंगावर आहे म्हणे.