देवप्रयाग ते माणा: नद्यांची वजाबाकी

ऋषिकेशहून बद्रीनाथला जाणारा रस्ता जेमतेम 300 किलोमीटरचा. रेटायचंच ठरवलं तर एका दिवसात होतो, आणि कितीतरी जण तो तसाच रेटतात. पहाटे गाडीत बसायचं, घाटातल्या वळणांवर डोळे मिटून घ्यायचे, रात्री बद्रीनाथला उतरायचं, सकाळी दर्शन, दुपारी परत. आम्हाला असं जायचं नव्हतं. बायकोने निघण्यापूर्वीच अट घातली होती की वाटेतले पाचही प्रयाग पायऱ्या उतरून, पाण्यात हात घालून बघायचे. गाडीवाल्या भैजींना ते काही फारसं पटलं नाही. "संगम तो ऊपर सड़क से ही दिख जाता है, साहब." दिसतो, खरंच दिसतो. मोबाईलमध्येही मावतो.

पंचप्रयागांची नावं आपल्याकडे अनेकांना पाठ असतात. पण खालून वर जाताना त्यांचा हिशेब उलटा होतो, हे मला तिथे गेल्यावर उमगलं. नदीच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक प्रयाग म्हणजे बेरीज. आपण मात्र प्रवाहाविरुद्ध निघालेले असतो, त्यामुळे दर प्रयागाला एक नदी वजा होते. देवप्रयागला भागीरथी गेली, रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी आणि विष्णुप्रयागला धौलीगंगा. बाकी उरते अलकनंदा. खालचा रुंद, संथ पाट हळूहळू आक्रसत जातो, आवाज वाढत जातो, आणि पाणी इतकं गार होतं की बोटं आपोआप बाहेर येतात.

देवप्रयाग सगळ्यांत देखणा, यावर आमच्या गाडीत एकमत झालं. भागीरथी हिरवट आणि अलकनंदा मातकट. संगमाच्या टोकाशी उभं राहिलं की दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात आणि मग कुठेतरी एक होतात. भागीरथीचं पाणी इतकं नितळ, कारण वर टिहरीचं धरण आहे आणि गाळ तिथेच बसतो. इथले लोक या दोघींना सासू-सून म्हणतात. खळाळत, आदळआपट करत येणारी भागीरथी सासू आणि शांतपणे येऊन मिळणारी अलकनंदा सून. गंमत म्हणजे पाण्याच्या बाबतीत सूनच मोठी, पण गंगेचा उगम म्हणून मान सासूचा. घरोघरी तेच, असं बायको म्हणाली. मी गप्प बसलो.

संगमावरून बऱ्याच पायऱ्या चढून रघुनाथाच्या देवळात गेलो. देवळामागच्या खडकावर ब्राह्मी लिपीत यात्रेकरूंची नावं कोरलेली आहेत. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी इथवर चालत आला आणि आपलं नाव दगडावर ठेवून गेला. आपल्या गडांच्या बुरुजांवर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांवर मी आजवर भरपूर चिडलो आहे आणि पुढेही चिडणार आहे, पण या खडकासमोर तो राग जरा अडखळला. बद्रीनाथच्या पंड्यांची घरंही देवप्रयागलाच. त्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्पिढ्यांच्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात. गाव आणि आडनाव सांगितलं तर आपले पणजोबा कधी येऊन गेले ते सापडू शकतं.

देवप्रयागच्या पुढे मलेथा लागतं. गाडी थांबवण्यासारखं इथे वरवर काहीच नाही, नुसती भाताची सपाट खाचरं. पण गढवालच्या डोंगरात इतकी सलग, पाणथळ शेती हेच नवल. सतराव्या शतकात गढवालचा सेनापती माधोसिंह भंडारी याने डोंगर फोडून इथल्या चंद्रभागा नदीचं पाणी या गावात आणलं. पाणी बोगद्यातून पुढे सरकेना तेव्हा त्याने पोटच्या मुलाचा बळी दिला, अशी कथा सांगतात. भैजींनी ती आम्हाला गाडी चालवताना सांगितली आणि सांगताना त्यांचा आवाज खाली आला. त्याच डोंगरांमधून आता ऋषिकेश-कर्णप्रयाग रेल्वे जाते आहे. 125 किलोमीटरच्या मार्गात 100 किलोमीटरहून अधिक बोगदे. काम थक्क करणारं आहे, पहाडातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वेळेत दवाखाना गाठता येईल, हेही खरं. यात्रेकरूला मात्र नदी दिसायची ती दोन बोगद्यांच्या फटीत.

श्रीनगर एके काळी गढवालच्या राजांची राजधानी होती. काश्मीरचं श्रीनगर वेगळं. जुना वाडा, जुनी पेठ, काहीतरी दिसेल म्हणून मी बाजारात फिरलो. जुनं जवळपास काही नाही. त्याचं कारण पुढे बिरहीला कळतं, तेव्हा ते तिथेच सांगतो. श्रीनगरच्या पुढे धारीदेवीचं देऊळ नदीच्या मध्यात उंच खांबांवर उभं आहे. जलविद्युत प्रकल्पाच्या पाण्याखाली मूळ जागा जाणार म्हणून 16 जून 2013 ला मूर्ती हलवली आणि त्याच सुमारास केदारनाथचा प्रलय झाला. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या की नाही, यावर पहाडात अजून वाद होतात. भैजींच्या मनात वाद नव्हता. त्यांनी गाडी थांबवून हात जोडले.

सिरोबगडच्या दरडीखालून जाताना गाडीतली सगळी बोलणी बंद झाली आणि रुद्रप्रयाग आलं. इथली संध्याकाळची आरती छान होते, पण मला गुलाबरायला जायचं होतं. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या आठ वर्षं या यात्रामार्गावर फिरत होता. सरकारी हिशेबाने 125 माणसं त्याने मारली. 1926 मध्ये जिम कॉर्बेटने त्याला गुलाबरायला, यात्रेच्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडावर बसून मारलं. आता तिथे छोटं स्मारक आहे आणि शेजारून हायवेचे ट्रक धडधडत जातात.

तेव्हाची यात्रा पायी होती, म्हणून तर बिबट्याला माणसं मिळत होती. वाटेत दर काही कोसांवर चट्टी असे. चट्टीवाल्याकडून आटा-डाळ घ्यायची की भांडी आणि रात्रीचा निवारा फुकट. अहिल्याबाई होळकरांनी या हिमालयातल्या वाटेवरही धर्मशाळा बांधल्या. महेश्वरला बसून इथल्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाचा विचार करायचा, ही गोष्ट मला त्यांच्या मोठ्या देवळांपेक्षाही मोठी वाटते. 1962 च्या युद्धानंतर लष्करासाठी मोटाररस्ता वरपर्यंत गेला आणि चट्ट्या ओस पडल्या. हनुमानचट्टीसारख्या नावांत तेवढ्या उरल्या.

कर्णप्रयागला पिंडर येऊन मिळते, पिंडारी हिमनदीचं पाणी घेऊन. कर्णाचा अंत्यसंस्कार कृष्णाने इथे केला म्हणतात. घाटाजवळच्या एका लहानशा खाणावळीत मंडव्याची भाकरी आणि गहतची डाळ खाल्ली. मंडवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे आपले कुळीथ. इतक्या लांब येऊन कोकणातलं जेवण ताटात आल्यावर बायकोने आणखी एक भाकरी मागवली. जवळच्या नौटी गावातून दर बारा वर्षांनी नंदादेवीची राजजात निघते, तिच्यापुढे चार शिंगांचा मेंढा चालतो. खाणावळीतल्या आजींनी ती पाहिली होती. त्या बोलायला लागल्या आणि आमचं नंदप्रयाग लांबलं. नंदप्रयागला म्हणूनच उजेड सरताना पोचलो. पाण्याला हात लावला आणि निघालो.

आता बिरही. चमोलीच्या पुढे बिरहीगंगा अलकनंदेला मिळते. हा पंचप्रयागांत मोडत नाही, इथे कुणी थांबत नाही, पाटीही धड नाही. पण या अख्ख्या वाटेवरची मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथली आहे. सप्टेंबर 1893 मध्ये वरच्या गोहना गावाजवळ अख्खा डोंगर कोसळून बिरहीगंगा अडली. दरीत प्रचंड तलाव साठायला लागला. तो कधीतरी फुटणार, हे उघड होतं. तेव्हाच्या इंजिनिअरांनी तलावावर माणूस बसवला, तिथून हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली, नदीवरचे झुलते पूल काढून घेतले, पाणी कुठवर चढेल त्याच्या खुणा काठाकाठाने केल्या आणि लोकांना वर हलवलं. ऑगस्ट 1894 च्या अखेरीस, रात्रीच्या वेळी, बांध फुटला. श्रीनगर धुऊन निघालं. मला पेठेत जुनं काही सापडलं नाही ते यामुळे. पण माणसं वाचली. गेलं ते एका फकिराचं कुटुंब. त्याला हलवलं होतं तरी तो परत खाली येऊन राहिला होता. उरलेला तलाव 1970 च्या पुरात गेला, आणि त्या पुरानंतर जंगलतोडीचा प्रश्न गावागावांत पोचला. पुढे 1974 मध्ये याच जिल्ह्यातल्या रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या बाया झाडांना बिलगून उभ्या राहिल्या.

रैणीची आठवण विष्णुप्रयागला पुन्हा आली. धौलीगंगा तिकडूनच येते. 7 फेब्रुवारी 2021 ला रैणीपाशी तिला मिळणाऱ्या ऋषिगंगेत वरून बर्फ आणि खडक कोसळून लोंढा आला, आणि दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. इशाऱ्यासाठी तार टाकायला गोहनाच्या वेळी जमलं होतं. संगमाच्या अरुंद पायऱ्यांवर साखळी धरून उभा असताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, पुण्याबिण्याचा विचार काही आला नाही.

त्याआधी जोशीमठला मुक्काम केला. सरकारी नाव आता ज्योतिर्मठ. नरसिंहाच्या देवळातल्या मूर्तीचा एक हात झिजत चालला आहे. तो गळून पडेल तेव्हा नर-नारायण पर्वत एक होऊन बद्रीनाथची वाट बंद होईल आणि देव भविष्यबद्रीला जाईल, अशी समजूत आहे. हात झिजतोय की नाही ते पुजाऱ्यांना ठाऊक, पण घरांच्या भिंतींना गेलेल्या भेगा आम्हीही पाहिल्या. जानेवारी 2023 मध्ये हे गाव खचायला लागलं. जुन्या दरडीच्या राबिटावर वसलेलं हे गाव, इथे मोठी बांधकामं करू नका, असं मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगून ठेवलं होतं. आमच्या खोलीच्या मालकाने आधी धोकादायक म्हणून लाल खूण केलेलं घर दाखवलं आणि मग चहा विचारला.

बद्रीनाथबद्दल थोडंच लिहितो, कारण लोकांनी भरपूर लिहिलं आहे. उंची 3,100 मीटर, रंगीत दर्शनी भाग, खाली वाफाळतं तप्तकुंड. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि कुंडात पाय घालवत नाही इतकं कढत पाणी. पुजारी रावळ केरळचे नंबूद्री. देवळात शंख वाजवत नाहीत. रांगेत पुढे नांदेडची मंडळी, मागे तमिळ आणि गुजराती, आणि सगळ्यांचं भांडण एकाच भाषेत, कोपराने. ब्रह्मकपालावर पिंडदान चाललं होतं. तिथे मराठी इतकी कानावर आली की क्षणभर नाशिकचं रामकुंड वाटलं. पहाटे ढग सरकले आणि देवळामागे नीलकंठ उघडा पडला, 6,596 मीटर, टोकावर तांबूस ऊन. रांग सोडून बघत राहिलेल्यांत मीही होतो. नंबर गेला.

माणा तिथून तीन किलोमीटर. देशातलं शेवटचं गाव म्हणून प्रसिद्ध होतं, आता पाटीवर पहिलं गाव लिहिलं आहे. चहाच्या टपरीने दोन्ही नावांची सोय ठेवली आहे. व्यासगुहेचं छत पोथीच्या पानांसारखं थरथरांचं. तिथे महाभारत सांगितलं गेलं आणि जवळच्या गणेशगुहेत उतरवलं गेलं, अशी कथा. भीमपुलाखाली सरस्वती कड्यातून उसळते, शेजारचा बोलला तर ऐकू येत नाही, आणि थोडं खाली केशवप्रयागला अलकनंदेत मिसळते. म्हणजे आमच्या हिशेबात आणखी एक वजा. भैजी गाडीपाशीच थांबले होते, त्यांच्या मते वजाबाकी विष्णुप्रयागलाच संपली होती.

वसुधाराचा धबधबा माणाहून पाचेक किलोमीटर चालत. पापी माणसाच्या अंगावर त्याचं पाणी पडत नाही म्हणतात. सोबत बार्शीच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या, हातात काठी, आमच्या पुढे चालणाऱ्या. खाली पोचलो तर वाऱ्याने सगळी धार कड्याच्या डाव्या अंगाला नेलेली. आम्ही सगळे माना वर करून कोरडे उभे. काकूंनी जरा वेळ वाट पाहिली, मग साडीचा पदर खोचला आणि दगडांवरून थेट डावीकडे चालायला लागल्या. "अहो काकू, तिकडे घसरेल!"

"घसरू दे. इतकं चालून आले, पाप काय बार्शीला परत न्यायचं?"

मग आम्हीही त्यांच्या मागे गेलो.