सामायिक डिजिटल सेवांचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा?

दोन शासकीय खात्यांना एकाच प्रकारचे सॉफ्टवेअर हवे असेल, तर ते एकदाच तयार करून दोघांनी वापरावे, हे कोणालाही पटते. तरीही प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा दोनदा तयार होते, दोनदा निविदा निघतात आणि दोन पुरवठादार जवळपास सारख्याच कामाचे पैसे घेतात. याचे खापर सहसा अधिकाऱ्यांच्या अनास्थेवर फोडले जाते, पण मला ते निदान अपुरे वाटते. अर्थसंकल्पातली तरतूद एका खात्याच्या लेखाशीर्षाखाली, एका आर्थिक वर्षापुरती आणि एका ठरावीक कामासाठी होते. त्या पैशातून शेजारच्या खात्याच्याही उपयोगी पडेल असे काही उभारायचे ठरवले, तर लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच सहकार्यातून नव्या सेवा घडवण्यासाठी वेगळा निधी लागतो, आणि तो किती असावा यापेक्षा तो कोणत्या अटींवर द्यावा, यावरच त्याचे यश ठरते.

अटींचा परिणाम किती खोलवर जातो, हे अमेरिकेच्या उदाहरणात दिसते. तेथील संघराज्य सरकारच्या जुनाट संगणकप्रणाली बदलण्यासाठी २०१७ च्या कायद्याने ‘टेक्नॉलॉजी मॉडर्नायझेशन फंड’ स्थापन झाला. खात्यांनी प्रस्ताव द्यायचे, तज्ज्ञांच्या मंडळाने ते तपासायचे, कामाचे टप्पे पूर्ण होतील तसतशी रक्कम सोडायची आणि खात्याने ती साधारण पाच वर्षांत परत करायची, अशी ही रचना होती. परतफेडीमुळे निधी फिरता राहील, ही कल्पना कागदावर फारच देखणी आहे. अडचण अशी की, परतफेड बचतीतून होणार असेल, तर ती बचत पैसे घेणाऱ्या खात्याच्याच हिशेबात दिसायला हवी. एखाद्या सामायिक सेवेमुळे नागरिकाची एक खेप वाचली, दुसऱ्या खात्यातील कारकुनाचे काम हलके झाले किंवा तिसऱ्या खात्याला नवी प्रणाली विकत घ्यावी लागली नाही, तर हा सारा लाभ खराच असतो. पण कर्ज घेतलेल्या खात्याच्या तिजोरीत त्यातला एक पैसाही जमा होत नाही. साहजिकच खाती स्वतःपुरते, सुरक्षित आणि बचत दाखवता येईल असे प्रस्ताव आणतात. २०२१ मध्ये या निधीत एक अब्ज डॉलरची भर पडली, तेव्हा परतफेडीच्या अटी शिथिल करण्यात आल्या आणि काही प्रकल्पांना अंशतः किंवा अगदी थोडीच रक्कम परत करण्याची मुभा मिळाली. माझ्या मते हा बदल त्या वाढीव रकमेइतकाच महत्त्वाचा होता.

ब्रिटनमध्ये स्थानिक परिषदांसाठी २०१८ मध्ये ‘लोकल डिजिटल फंड’ जाहीर झाला, तेव्हा त्याची सुरुवातीची रक्कम ७५ लाख पौंड होती. सरकारी संगणकीकरणाच्या हिशेबात ही किरकोळच म्हणायची. पण पैसे एकट्या परिषदेला मिळणार नाहीत, इतर परिषदांना सोबत घेऊनच अर्ज करावा लागेल आणि जे हाती येईल ते सर्वांसाठी खुले ठेवावे लागेल, या अटींमुळे तिचे वजन वाढले. ब्रायटन अँड होव्ह आणि क्रॉयडन या परिषदांनी संकेतस्थळासाठी लिहिलेला कोड आपसांत वाटून घेण्यापासून ‘लोकलगव्ह द्रुपल’ हा परिषदांच्या संकेतस्थळांसाठीच्या सामायिक सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला आणि या निधीच्या आधाराने तो वाढला. आज डझनावारी परिषदांची संकेतस्थळे त्यावर चालतात. कचरा उचलण्याचे वेळापत्रक किंवा शाळाप्रवेशाची माहिती देणारे पान प्रत्येक परिषदेने शून्यापासून बांधण्यात कोणतेही शहाणपण नव्हते, हे सर्वांना आधीपासूनच ठाऊक होते. एकत्र बसून काम करण्यासाठी लागणाऱ्या वेळेचे पैसे कोणी देत नव्हते, इतकेच.

या वेळेच्या खर्चाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण प्रस्तावांत तो जवळजवळ कधीच सापडत नाही. चार संस्था एकत्र आल्या की शब्दांच्या व्याख्या जुळवणे, माहितीची रचना ठरवणे, कोणाची गरज आधी भागवायची यावर वाद घालणे, परस्परांचा कोड तपासणे आणि कायदेशीर करार करणे, ही कामे अटळ असतात. मंजुरी देणाऱ्याला ती व्यवस्थापनावरची उधळपट्टी वाटते आणि छाटणी होते तेव्हा पहिली कात्री तिथेच लागते. मग प्रत्येक संस्था आपापला भाग लिहून मोकळी होते आणि जोडणीचे काम कोणाचेच राहत नाही. सहकार्यासाठी दिलेल्या निधीने सहकार्याचाच खर्च अमान्य करावा, ही विसंगती मला आजवर उमगलेली नाही.

खरी कसोटी मात्र उद्घाटनानंतर लागते. नवनिर्मितीचा निधी बहुधा एकरकमी आणि मुदतबंद असतो, तर सॉफ्टवेअरला सुरक्षेची दुरुस्ती, नव्या कायद्यांनुसार बदल आणि वापरकर्त्यांच्या तक्रारींचे निवारण वर्षानुवर्षे लागते. सामायिक सॉफ्टवेअरच्या बाबतीत ‘ज्याची प्रणाली त्याने सांभाळावी’ हा नियमही कामाला येत नाही. एस्टोनिया आणि फिनलंड यांनी यावर काढलेला तोडगा मला सर्वांत समंजस वाटतो. एस्टोनियात २००१ पासून वापरात असलेली ‘एक्स-रोड’ ही शासकीय माहितीच्या देवाणघेवाणीची यंत्रणा फिनलंडनेही स्वीकारली, तेव्हा दोन देशांनी दोन वेगळ्या आवृत्त्या वाढवत बसण्यापेक्षा २०१७ मध्ये टॅलिन येथे एक संयुक्त संस्था स्थापन केली. सभासद देशांच्या वार्षिक योगदानातून ती गाभ्याच्या कोडची देखभाल आणि विकास करते; पुढे आइसलँडही तिचा सभासद झाला. कोणता बदल कधी करायचा हे पैसे देणारेच मिळून ठरवतात, त्यामुळे देखभालीचा खर्च दरवर्षी नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

प्रत्येक सेवेसाठी अशी संस्था उभारणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. ब्रिटन सरकारच्या ‘गव्ह डॉट यूके नोटिफाय’ या सूचना पाठवणाऱ्या सेवेचा खर्च मुख्यतः केंद्रातून भागवला जातो. खात्यांना ईमेल विनामूल्य पाठवता येतात आणि लघुसंदेशांचे पैसे ठरावीक मर्यादेनंतरच लागतात. दर आधीच जाहीर असल्याने खात्यांना वाटाघाटीही कराव्या लागत नाहीत. तिचा कोड खुला होता म्हणून कॅनडाच्या सरकारला त्यावरून स्वतःची सूचनासेवा उभारता आली. ब्रिटिश करदात्याच्या पैशाचा हा उपयोग मूळ प्रस्तावाच्या लाभ-खर्च तक्त्यात कोणी धरला असेल, असे मला वाटत नाही.

नवउद्योगांना आव्हाने देऊन बक्षीसवजा अनुदान वाटण्याच्या योजनांचा उल्लेख येथे ओघानेच येतो. त्यांतून चांगल्या कल्पना पुढे येतात, हे मान्य. पण प्रयोग यशस्वी झाल्यावर तो विकत घेण्यासाठी खात्याकडे तरतूद नसेल आणि खरेदीची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार असेल, तर लहान कंपनी तोवर टिकत नाही. अनुदान मंजूर करतानाच पुढच्या खरेदीसाठी काही रक्कम राखून ठेवणे, ही अट मला अत्यावश्यक वाटते.

टप्प्याटप्प्याने पैसे सोडण्याची पद्धत योग्यच आहे, मात्र ‘येथे थांबावे’ हा निष्कर्षही टप्प्याचे वैध फलित मानला गेला पाहिजे. थोड्या पैशांत केलेल्या प्राथमिक अभ्यासातून सामायिक प्रणालीची गरज नाही, असे निष्पन्न झाले, तर तो अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा आणि अर्जदार संस्थेचे नाव पुढच्या फेरीत मागे पडू नये. सध्या उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कसा वापरला याच्या दाखल्यात, खर्च झालेली रक्कम लिहायला रकाना असतो. न खर्चलेली रक्कम का परत केली हे सांगायला जो रकाना असतो, तो बहुधा विलंबाचे कारण विचारणारा असतो.