डेबियनवर ब्लूटूथ हेडसेट जोडताना: माझा अनुभव

पावसाळ्यात डिचोलीहून म्हार्दोळला संध्याकाळी जाणे-येणे अवघड होते, म्हणून त्या महिन्यांत गुरुजी माझी गाण्याची शिकवणी व्हिडिओ कॉलवर घेतात. तानपुरा नीट ऐकू यावा यासाठी मी ब्लूटूथ हेडसेट घेतला. लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि डेस्कटॉप एक्सएफसीई.

लिनक्सवर अशा हेडसेटसाठी सहसा वेगळा ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागत नाही. ब्लूटूथ चिपचे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम), कर्नल (लिनक्सचा गाभा), जोडणी सांभाळणारे ब्लूझ आणि आवाज पोचवणारा ध्वनी-सर्व्हर यांपैकी कोणता दुवा अपुरा आहे, एवढेच शोधायचे असते. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेले फर्मवेअरही असते, त्यामुळे माझी चिप पहिल्यापासून चालू होती. ब्लूटूथसीटीएल या आज्ञा टाइप करून जोडणी करण्याच्या साधनात ‘पेअर’ आणि ‘ट्रस्ट’ या आज्ञा मानल्या गेल्या. मात्र ‘कनेक्ट’ म्हणताच ‘बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल’ असा संदेश आला. हा संदेश फार उपयोगी आहे, कारण हेडसेट सापडला असूनही त्याच्याशी ध्वनीची देवघेव करणारे संगणकावर कोणी नाही, हे त्यातून कळते. माझ्याकडे पल्सऑडिओ हा ध्वनी-सर्व्हर होता, पण त्याचे ब्लूटूथ मॉड्यूल बसवलेले नव्हते. ते बसवूनही काम झाले असते. मी मात्र पल्सऑडिओ काढून ‘पाइपवायर-ऑडिओ’ हे पॅकेज घातले, ज्यात पाइपवायर हा दुसरा ध्वनी-सर्व्हर, त्याच्या जोडण्या सांभाळणारा वायरप्लंबर आणि ब्लूटूथचा भागही येतो. लॅपटॉप पुन्हा सुरू करताच हेडसेट जोडला गेला आणि तानपुरा अगदी स्वच्छ वाजू लागला.

खरी अडचण शिकवणी सुरू झाल्यावर आली. कॉल लागताच तानपुऱ्याची आस नाहीशी होऊन आवाज जुन्या टेलिफोनसारखा पातळ झाला. याचे कारण ब्लूटूथच्या मूळ रचनेत आहे. ब्लूटूथवर आवाज पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतींना प्रोफाइल म्हणतात. त्यांतले एटूडीपी प्रोफाइल स्टिरिओ आवाज देते, पण एकाच दिशेने. मायक्रोफोन हवा असेल तर एचएफपी प्रोफाइलवर यावे लागते, आणि तिथे आवाज मोनो होऊन नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) सीव्हीएसडी या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीत, ८ आणि एमएसबीसीमध्ये १६ किलोहर्ट्झवर उतरतो. बोलण्याला तेवढे पुरते, स्वर लावण्याला पुरत नाही. वायरप्लंबर कॉलच्या वेळी हा बदल आपोआप करतो, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया-रोल डॉट यूज-हेडसेट-प्रोफाइल’ याचे मूल्य ‘फॉल्स’ केले, पाव्हूकंट्रोल या आवाज-नियंत्रण प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशन पानावर एटूडीपी निवडले आणि आवाज आत घेण्यासाठी लॅपटॉपचा मायक्रोफोन ठरवून दिला. आता गुरुजींना माझा आवाजही पूर्वीपेक्षा भरीव ऐकू येतो, हे त्यांनीच सांगितले.

२०२२ मध्ये पूर्ण झालेल्या एलई ऑडिओ या मानकात एलसी३ कोडेकमुळे दोन्ही दिशांना चांगला आवाज एकाच वेळी मिळू शकतो, पण त्यासाठी हेडसेट आणि लॅपटॉपची चिप दोन्ही त्या मानकाची लागतात. माझा हेडसेट तसा नाही, त्यामुळे शिकवणीला मायक्रोफोन लॅपटॉपचाच राहील.