उघड्या पेटीचं खेळणं

हँडल फिरवलं की हलणाऱ्या लाकडी खेळण्यांना ऑटोमॅटा म्हणतात. वर एखादं छोटंसं दृश्य, खाली पेटी, पेटीत आडवा दांडा आणि त्या दांड्यावर वेगवेगळ्या आकारांच्या, त्याच्याबरोबर फिरणाऱ्या चकत्या, म्हणजे कॅम. वीज नाही, बॅटरी नाही, प्रोग्रॅम नाही. खरं तर प्रोग्रॅम असतोच, पण तो कॅमच्या कडेवर कापलेला असतो. असं एक खेळणं आपल्या हाताने करायचं, हे माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. शेवटी केलं. कसं केलं, कुठे अडलं आणि त्याला कुणाकुणाचे हात लागले, ते लिहिते.

दृश्य अगदी साधं ठरवलं होतं. एक माणूस हातोडी मारतोय आणि शेजारी बसलेलं मांजर मान वळवून त्याच्याकडे बघतंय. एवढंच. पण यात दोन अगदी वेगळ्या हालचाली आहेत. हातोडी सावकाश वर जायला हवी आणि एकदम पडायला हवी. मांजराची मान मात्र आडवी फिरायला हवी, आणि फिरून परतही यायला हवी.

लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्यावर खेळून बघितलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाने पुठ्ठ्याच्या ऑटोमॅटांचा एक उपक्रम तयार केला आहे आणि तो जगभर केला जातो. पुठ्ठ्याचा खोका, बांबूच्या काड्या, जाड फोमच्या चकत्या आणि गोंद, एवढ्यावर काम भागतं. लहान मुलांचा म्हणून हा टप्पा गाळणारे बरेच भेटतात. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. फोमची चकती कात्रीने कापायला मिनिटभर लागतं, म्हणून माणूस बेधडक कापतो. लाकडाचा कॅम कापून, घासून तयार करण्यात संध्याकाळ गेली की तो कितीही बेंगरूळ चालला तरी टाकवत नाही.

गोल चकतीला मध्यापासून जरा बाजूला भोक पाडलं आणि ती दांड्यावर बसवली, की तिच्यावर टेकलेली काठी वर-खाली होते. भोक जितकं बाजूला, त्याच्या दुप्पट काठी उचलली जाते. ८ मिलिमीटर बाजूला असेल तर १६ मिलिमीटर. ही चाल गुळगुळीत असते, श्वासासारखी. हातोडीला ती उपयोगाची नाही. हातोडीला गोगलगाय कॅम लागतो. त्याची कड गोगलगाईच्या शंखासारखी हळूहळू बाहेर बाहेर जाते आणि एका जागी सरळ कड्यासारखी आत तुटते. काठी पूर्ण फेरीभर चढत राहते आणि त्या कड्यावरून खाली कोसळते.

माझ्या कॅमची चढण १२ मिलिमीटर होती. काठी माणसाच्या हाताला खांद्याच्या खिळीपासून १५ मिलिमीटरवर जोडली होती आणि हातोडी ६० मिलिमीटरवर. म्हणजे हालचाल चौपट. खाली १२ मिलिमीटर, वर साधारण ४८. कागदावर हे हिशेब करताना मला फारशी मजा आली नाही, पण पुठ्ठ्याचा हात पहिल्यांदा धप्पकन खाली आला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

मग लाकूड. आमच्याकडे हौशी लोकांनी मिळून चालवलेली एक सामायिक कार्यशाळा आहे. तिथे रंधे, करवती, ड्रिलचं उभं यंत्र आणि एक लेझर कटर आहे. तिथे जाणाऱ्यांत दोन पंथ पडलेत, हे कुणीही नवखा पहिल्या तासात ओळखेल. एक पंथ म्हणतो, चित्र संगणकावर काढा, लेझरला द्या, पाच मिनिटांत काम फत्ते. दुसरा लेझरने कापलेल्या जळक्या कडेकडे बघून नाक मुरडतो. मी दोन्हीकडची मदत घेतली आणि त्याबद्दल दोन्हीकडचे टोमणे ऐकले.

पेटीच्या दोन बाजू लेझरवर कापायचं ठरत होतं. किरण स्वतःही मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढं लाकूड जाळून टाकतो, म्हणून भोकांची मापं तेवढी कमी धरावी लागतात. हे समजावून घेत होते तेवढ्यात तिथले एक सुतार काका म्हणाले, "ताई, दोन्ही फळ्या एकावर एक आवळा आणि एकदमच भोक पाडा. कशाला एवढं गणित?" दांडा सरळ बसायचा तर समोरासमोरची भोकं अगदी जुळलेली हवीत, आणि दोन्ही फळ्या एकत्र पकडून भोक पाडलं की ती आपोआप जुळतात. तसंच केलं. लेझर फक्त वरच्या पाटीला वापरला, कारण तिथे बऱ्याच बारीक खाचा होत्या.

कॅम मात्र मी ६ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून हातानेच कापले. प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, त्यामुळे दमट हवेत ते अखंड लाकडाएवढं फुगत नाही आणि कडही सगळीकडून सारखी घासता येते. बारीक पात्याच्या करवतीने रेषेबाहेर कापायचं, मग कानशीने रेषेपर्यंत यायचं, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०. शेवटचा अर्धा मिलिमीटर डोळ्यांनी दिसत नाही, बोटाला कळतो. कडेवरून अंगठा फिरवला की उंचवटा लागतो. तो घासायचा, पुन्हा अंगठा फिरवायचा. हातकामातलं सुख कशात आहे असं कुणी विचारलं तर मी या कामाचं नाव घेईन. मोजपट्टी बाजूला पडते आणि तरी काम अधिक अचूक होत जातं.

सगळं जुळवल्यावर हातोडी वर गेली आणि वरच राहिली. कॅमचा कडा निघून गेला, काठी जागची हलेना. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या प्रत्येक ऑटोमॅटात हा प्रसंग येतोच. काठीला वर ढकलायला कॅम आहे, खाली आणायला फक्त तिचं आणि हाताचं वजन. घर्षण त्याहून जास्त झालं की खेळ संपला. मी भोक मोठं करायला कानस उचलली तर काकांनी थांबवलं. "घासू नका. आधी कुठे लागतंय ते बघा." त्यांनी मऊ शिसपेन्सिल काठीला चोहोबाजूंनी फासली, काठी दोन-चारदा वर-खाली केली आणि बाहेर काढली. जिथे ती घासत होती तिथलं शिसं पुसलं गेलं होतं: एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. म्हणजे भोक लहान नव्हतं, काठी त्यात तिरकी होत होती. पाटी पातळ, काठी लांब, त्यामुळे तिला सरळ धरायला काही नव्हतं. उपाय उलटाच निघाला. भोक मोठं करण्याऐवजी पाटीखाली लाकडाचा एक ठोकळा चिकटवून तेच भोक खोल केलं. काठीला मेणबत्ती चोळली. हातोडीचं डोकं लाकडाऐवजी पितळी नटाचं केलं. हात चौपट लांब असल्याने तेवढंसं वजनही काठीवर चौपट जोर देतं. हातोडी पडली. पितळेमुळे आवाजही खणखणीत आला, तो वरकमाई.

मांजराच्या मानेसाठी नेमकं उलट हवं होतं. उभ्या काठीच्या खालच्या टोकाला आडवी चकती बसवायची. दांड्यावरचा कॅम तिच्या खालून, मध्यापासून बाजूला टेकतो आणि घर्षणाने तिला फिरवतो. डाव्या बाजूला एक अर्धवट कॅम, उजव्या बाजूला दुसरा. एक मान इकडे वळवतो, दुसरा परत आणतो. कॅमची त्रिज्या २० मिलिमीटर आणि तो चकतीच्या मध्यापासून १५ मिलिमीटरवर टेकत असेल, तर मान काटकोनात वळायला कॅमचा सुमारे ६८ अंशांचा तुकडा पुरतो. पण घर्षण हिशेबाप्रमाणे वागत नाही, दर फेरीला थोडं घसरतं. दहा-बारा फेऱ्यांत मांजर भिंतीकडे तोंड करून बसतं. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो: चकतीच्या दोन बाजूंना दोन खुंट्या लावायच्या आणि कॅमचा तुकडा गरजेपेक्षा जरा जास्तच ठेवायचा. मान खुंटीला अडली की उरलेला कॅम नुसता खालून घसरून जातो. चूक साठत नाही, दर फेरीला पुसली जाते. एकाच पेटीत चार बोटांच्या अंतरावर घर्षण एका ठिकाणी वैरी आणि दुसऱ्या ठिकाणी नोकर. तिथे मेण, इथे चकतीला खालून चामड्याचा तुकडा.

यंत्र चालू लागलं, पण गंमत येत नव्हती. हातोडी पडायची, त्याच क्षणी मांजर वळायचं. बिनचूक, आणि म्हणूनच निर्जीव. कार्यशाळेत ड्रोनचे सांगाडे बनवणारी कॉलेजातली एक मुलगी शेजारच्या टेबलावरून बघत होती. म्हणाली, "ताई, मांजराला जरा उशीर करू दे ना." कॅम अजून दांड्यावर कायमचे चिकटवलेले नव्हते, म्हणून ते फिरवून बघता आले. मांजर घावाच्या आधी वळलं तर भित्रं वाटतं. त्याला आता काय होणार ते माहीत आहे. घावाबरोबर वळलं तर ते मांजर राहत नाही, यंत्राचा भाग होतं. आणि घावानंतर दांडा साधारण चाळीस अंश पुढे गेल्यावर वळलं, तर ते वैतागलेलं दिसतं. लाकडाच्या त्या ठोकळ्यावर मी डोळे आणि कान सोडून काहीही कोरलेलं नाही. तो वैताग त्या चाळीस अंशांत आहे. हे दिसल्यावर आम्ही दोघी हसत सुटलो आणि तिथेच गोंद लावून टाकला. पांढरा गोंद अर्ध्या तासात पकड घेतो, पण पुरता मुरायला दिवस लागतो. तोवर हँडलला हात लावायचा नाही, हा या सगळ्या कामातला खरा संयम.

एक प्रश्न उरला होता. गोगलगाय कॅम एकाच दिशेने चालतो. उलटा फिरवला की काठी कड्याला जाऊन अडते, आणि जोर केला तर काहीतरी मोडतं. बघणारा कोणत्या बाजूने फिरवेल याचा नेम नाही. कडा जरा उतरता केला तर उलटंही चालेल, पण मग हातोडी पडणार नाही, नुसती उतरेल. ते मला मान्य नव्हतं. म्हणून दांड्याच्या टोकाला दातेरी चाक आणि त्यावर पडणारा खटका बसवला. आता उलटं फिरतच नाही. फिरवताना कट्-कट् आवाज येतो. काहींना तो खुपतो, मला आवडतो.

पेटीची पुढची बाजू बसवायची की नाही, यावर मात्र मी विचार केला नाही, ती उघडीच ठेवली. ऑटोमॅटांचा इतिहास पाहिला तर यंत्र लपवण्याकडेच कल दिसतो. कॅमने चालणाऱ्या यंत्रांची सविस्तर वर्णनं अल-जझरी या अभियंत्याने १२०६ सालीच लिहून ठेवली आहेत. स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने १७६८ ते १७७४ या काळात बनवलेला लिहिणारा मुलगा आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. सुमारे ६,००० भाग, ४० अक्षरांपर्यंत कोणताही मजकूर जुळवता येतो, आणि सगळे कॅम त्याच्या पाठीत बंद. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला टिपू सुलतानाचा लाकडी वाघही हँडलनेच चालतो. भाता आणि बाजाच्या नळ्या त्याच्या पोटात. बघणाऱ्याने थक्क व्हावं, हा त्यामागचा हेतू. कॅबरे मेकॅनिकल थिएटर १९७९ साली इंग्लंडमधल्या फालमथला सुरू झालं. त्याने लोकांसमोर आणलेल्या लाकडी खेळण्यांत मात्र यंत्र बहुधा समोरच दिसतं. हातकाम करणाऱ्यांच्या आजच्या जगाची रीतही हीच. २००५ साली इटलीत सुरू झालेल्या आर्दुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवलेले आहेत, त्यामागची वृत्ती मला या उघड्या पेटीत दिसते. थक्क झालेला माणूस टाळ्या वाजवून निघून जातो. ज्याला कळलं, तो घरी जाऊन पुठ्ठा शोधतो.

कार्यशाळेच्या प्रदर्शनात हे खेळणं टेबलावर मांडलं तेव्हा मोठी माणसं आधी माणसाकडे बघायची, मुलं थेट वाकून पेटीत. एका मुलाने हँडल अगदी हळूहळू फिरवत काठी कड्याच्या टोकावर आणून थांबवली. हातोडी वर, मांजर गप्प. मग बाबांना हाक मारली, ते आल्यावर बोटभर पुढे फिरवलं. पुन्हा पुन्हा तेच. असा खेळ त्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

कॅमची चित्रं मी आलेखाच्या कागदावर काढून कार्यशाळेच्या फळीवर लावली आहेत, कुणीही उतरवून घ्यावीत. कुणीतरी त्याच गोगलगाय कॅमवर बेडकाची उडी बसवतंय. ड्रोनवाल्या मुलीचं वेगळंच चाललंय. तिला हँडल काढून छोटी मोटर लावायची आहे, म्हणजे प्रदर्शनात दिवसभर आपोआप चालेल. मी नाही म्हणते. मोटर कड्याच्या टोकावर थांबून कुणाच्या बाबांची वाट बघणार नाही. "सेन्सर लावला की थांबेल," ती म्हणते. वाद अजून चालू आहे. तिचं एक मात्र खरं, मोटर आली तर खटका काढता येईल.