दहा महिन्यांची चिऊ आणि टोकियोतली पेज

दादा-वहिनी टोकियोत निशी-कासाईला राहतात. चिऊ जन्मल्यापासून मामा-मामींनी तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं, म्हणून यंदाची दिवाळी त्यांच्याकडे करायची ठरवली. मी, दहा महिन्यांची चिऊ आणि माझी आई. चिऊच्या बाबांना सुट्टी मिळत नव्हती. बेत कळल्यावर जो भेटेल तो एकच विचारी, "अगं, पण तिला तिथे खायला काय घालशील?" कुणी म्हणे बॅगभर सिरियल ने, कुणी म्हणे छोटी शेगडीच बरोबर ठेव. जाऊन आल्यावर मी ठामपणे सांगते, पेज-भातावर वाढणाऱ्या बाळासाठी जपानइतका सोयीचा परदेश मला तरी दुसरा दिसत नाही.

आधी कागदपत्रं. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो. तो ५ वर्षांचा मिळतो आणि त्यासाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं 'अ‍ॅनेक्शर डी' हे घोषणापत्र द्यावं लागतं. फोटोसाठी चिऊला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढला. व्हिसासाठी खरं काम दादाचं होतं. नातेवाइकांकडे जायचं असेल तर तिथे राहणाऱ्याने निमंत्रणपत्र, हमीपत्र, 'जूमिन्ह्यो' म्हणजे घरात कोण कोण राहतं त्याचा वॉर्ड ऑफिसचा दाखला, नोकरीचा आणि कराचा दाखला असं सगळं पाठवायचं असतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे आम्ही बहीण-भाऊ आहोत हे दाखवायला माझा जन्मदाखला आणि दोघांच्या पासपोर्टवरची आई-वडिलांची नावं कामी आली. बाळाला घेऊन आई एकटीच निघाली असेल तर वडिलांचं संमतीपत्रही जवळ ठेवावं. मला कुणी विचारलं नाही, पण ते पर्समध्ये असल्यामुळे मन शांत होतं.

सामान भरताना दोन गोष्टी आधी नीट वाचून घ्या. पहिली औषधं. आपल्याकडे सर्दीवर सर्रास घेतलेली काही औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिन, म्हणजे नाक मोकळं करणारं द्रव्य, १० टक्क्यांहून जास्त असलेली तर बंदच. आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिऊची औषधं नावानिशी लिहून घेतली आणि तेवढीच नेली. दुसरी म्हणजे ताजा भाजीपाला, फळं आणि मांसाचे पदार्थ. वहिनीने कढीपत्ता मागितला होता, पण तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी पानं चालत नाहीत. चकली, शंकरपाळे, चिवडा आणि आईचा मालवणी मसाला मात्र व्यवस्थित पोचला.

विमानात बॅसिनेटची, म्हणजे बाळाच्या छोट्या पाळण्याची, जागा आधी फोन करून मागितली होती. चिऊ बराच वेळ झोपली. मुंबईहून थेट विमान असेल तर तेच घ्या, मध्ये उतरून पुन्हा चढण्यात बाळाची झोप मोडते. वेळेचा फरक साडेतीन तासांचाच आहे, तोही पटकन अंगवळणी पडतो.

निशी-कासाई एदोगावा वॉर्डात येतं. टोकियोत सर्वांत जास्त भारतीय याच वॉर्डात राहतात. इथल्या नगरसभेवर २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. तूरडाळ, रवा, पोहे सगळं घराजवळ मिळतं, तेव्हा काही अडलं असतं तर खिचडी होतीच. पण वहिनी पहिल्याच सकाळी म्हणाली, "ताई, डाळ-तांदूळ ती घरी रोज खाते. इथे आहे तोवर इथलं खाऊ दे." माझा भाचा बाळ असल्यापासून तिथल्या होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात जातो. बाळाला जपानी पद्धतीने कसं भरवायचं हे वहिनी तिथेच शिकली. होइकुएनमधून घरी पदार्थांची यादी येते. प्रत्येक नवा पदार्थ आधी घरी खाऊ घालायचा, काही त्रास झाला नाही की यादीत खूण करायची, मगच तो पाळणाघरात देतात. महिन्याभराच्या जेवणाचा तक्ता वहिनीच्या फ्रिजवर लावलेला होता. मी तो रोज फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायचे.

बाळाच्या जेवणाचा पाया म्हणजे 'ओकायू', आपली पेजच. पाच-सहा महिन्यांच्या बाळाला एक भाग तांदळाला दहा भाग पाणी घालून, गाळून देतात. मग पाणी कमी करत जातात. चिऊच्या वयाला पाच पट पाणी. भाजी किती शिजवायची याचंही माप ठरलेलं आहे: सात-आठ महिन्यांना तोफूइतकी मऊ, नऊ महिन्यांनंतर हिरडीने चिरडता येईल अशी, पिकल्या केळ्याइतकी. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "आमच्याकडे हे कुणी लिहून ठेवलं नाही, पण मी तुम्हा दोघांना असंच भरवलंय."

वहिनी पेज वेगळी शिजवतच नाही. राइस कुकरमध्ये मोठ्यांचे तांदूळ आणि पाणी घालते, मधोमध काचेची उष्णता सोसणारी वाटी ठेवते, वाटीत चमचाभर तांदूळ आणि पाच चमचे पाणी. झाकण लावून बटण दाबलं की बाजूला भात आणि वाटीत पेज, दोन्ही एकदम तयार. दिवस शरदातले, दुकानात 'शिन्माई', नवा तांदूळ आलेला. वाटी बाहेर काढली की पेजेवर पातळ चमकदार साय धरलेली असायची आणि किंचित गोडसर वास यायचा. चिऊ चमचा दिसायच्या आत तोंड उघडायची.

त्या पेजेत रोज काहीतरी वेगळं पडायचं. कोमात्सुना ही एदोगावाचीच पालेभाजी. दिसायला पालकाच्या जवळची, पण मोहरी-सलगमच्या कुळातली आणि चवीला अगदी सौम्य. बाळासाठी फक्त पानांचा वरचा भाग घ्यायचा, उकडून बारीक चिरायचा, देठ मोठ्यांच्या आमटीत. 'शिरासू' म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान पांढरे मासे. ते मिठात उकडलेले मिळतात, म्हणून गाळणीत घेऊन वरून कढत पाणी ओतायचं, मीठ उतरलं की कुटून पेजेत. कबोचा भोपळा, वाफवलेला तोफू, चिरलेला नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. नात्तोचा वास मला झेपला नाही, चिऊने मात्र वाटी पुसून खाल्ला. आणि सुपरमार्केटच्या दाराशी गरम पेटीत ठेवलेलं 'याकी-इमो', भाजलेलं रताळं! कागदी पिशवीत हाताला चटका देणारं. साल जांभळी, आतला गर पिवळाधमक आणि सुटलेल्या पाकाने चिकट. बागेतल्या बाकावर बसून मी तो फुंकर घालून निववायचे आणि आम्ही दोघी अर्धं अर्धं खायचो.

तयार पाकिटंही उत्तम असतात. पुढच्या बाजूला महिना ठळक छापलेला, मागे अ‍ॅलर्जीचा तक्ता. अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड अशा गोष्टींची नोंद सक्तीची आहे, त्यामुळे भाषा येत नसली तरी कॅमेऱ्याने वाचता येतं. फिरायला जाताना एक पाकीट, 'हाइहाइन' ही तांदळाची हलकी बिस्किटं आणि बाटलीत 'मुगिचा', जवाचा चहा. त्यात कॅफिन नसतं, म्हणून तिथे बाळांनाही तो देतात. मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत कशातही नको.

बाहेर पडायची मला धास्ती होती, ती पहिल्याच फेरीत गेली. ट्रेनमध्ये बाबागाडी मिटावी लागत नाही. फक्त सकाळच्या कामाच्या वेळी तोझाई लाइन टाळा, ती टोकियोतल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांपैकी आहे. मोठ्या दुकानांत बाळाला पाजायची वेगळी खोली असते. पडद्याआड खुर्ची, लंगोट बदलायचं टेबल, आणि पावडरच्या दुधासाठी गरम पाण्याचा नळसुद्धा. रस्त्यात कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, त्यामुळे वापरलेले डायपर घरी आणावे लागतात. वास बाहेर न येणाऱ्या पिशव्या बाळांच्या दुकानात मिळतात, त्या पहिल्याच दिवशी घ्या.

हॉटेलात जायचं तर साडेअकराच्या आत. नंतर ऑफिसची गर्दी येते आणि बाळाला घेऊन घाई होते. काउंटरवर उंच स्टूल असलेली छोटी दुकानं सोडा. 'झाशिकी' म्हणजे चपला काढून तातामीवर, गवती चटईवर, बसायची सोय असेल तर त्याहून चांगलं काही नाही, बाळाला गादीवर मोकळं सोडता येतं. न मागता छोटी वाटी आणि चमचा आणून ठेवतात. चिऊला आम्ही उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, तुकडे करून भरवायचो, त्याचं पाणी खारट असतं म्हणून वेगळ्या गरम पाण्यात बुडवून. उदोन घेताना एक लक्षात ठेवा. पुष्कळ दुकानांत सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, आणि उदोन एकाच पाण्यात उकळतात आणि सोब्याची अ‍ॅलर्जी जोरदार असू शकते. आम्ही दर वेळी विचारून घेतलं.

आईचा सोमवार असतो. त्या दिवशी बाहेरचं साधं उदोनही चालेना, कारण रस्सा सुकवलेल्या काट्सुओ माशाचा. वहिनीने घरी कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी, आणि वाळलेले शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवून रस्सा केला. तिथल्या बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात हाच वापरतात. त्यातला तोफू आणि मुळा आईने इतका आवडीने खाल्ला की मंगळवारीही तोच कर म्हणाली.

बाकीचे दिवस माशांचे. शरदात 'सान्मा' येतो, लांब, चंदेरी, सुरीच्या पात्यासारखा. जपानी शेगडीच्या खाली मासा भाजायचा खण असतो. वहिनीने सान्म्याला मीठ लावून थोडा वेळ ठेवला, सुटलेलं पाणी टिपलं आणि खणात सरकवला. आई शेजारी उभी, "नुसतं मीठ? तिरफळ नाही, आगळ नाही?" पाच-सात मिनिटांत चरबी तडतडायला लागली, कातडीवर फोड आले. ताटात किसलेला मुळा, त्यावर सोया सॉसचे थेंब. आईने पाठीचा पहिला तुकडा काट्यावरून अलगद सोडवला, खाल्ला आणि मान हलवली. मासा ताजा असेल तर मीठ पुरतं, हे त्यानंतर तीच आम्हाला सांगत होती. सान्म्यात बारीक काटे फार, म्हणून चिऊला तो दिला नाही. तिच्या वाट्याला पेजेत कुस्करलेला 'ताई' नावाचा मासा (सी ब्रीम) किंवा कॉड.

मला सर्वांत जास्त आवडलं ते फुकागावा-मेशी. निशी-कासाईहून तोझाई लाइनने चौथं स्टेशन मोन्झेन-नाकाचो, तोच फुकागावा भाग. एदोच्या काळी, म्हणजे काही शतकांपूर्वी, फुकागावाच्या दारात समुद्र होता आणि तिथले कोळी 'आसारी' शिंपल्या कांद्याच्या पातीबरोबर मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, उकळून भातावर ओतून खायचे. घाईच्या माणसांचं पोटभरीचं जेवण. आसारी आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातल्या. वाडगा समोर आला तेव्हा वाफेत तोच खाडीचा वास होता. खोबरं नाही, वाटण नाही, तरी शिंपलीचं अंगचं पाणी भातात मुरलेलं. आईने भाताचा शेवटचा कण संपवला. बाळाला इतक्यात शिंपल्या नकोत, म्हणून चिऊ मांडीवर बसून हाइहाइन चावत होती.

दुसऱ्या दिवशी आईने सुपरमार्केटमधून वाळू काढलेल्या आसारी आणल्या आणि भारतीय दुकानातलं सुकं खोबरं भाजून मालवणी मसाल्यात सुकं केलं. तो भाऊबीजेचा दिवस. वहिनीने शुभकार्याला करतात तसा चिकट तांदळात अझुकी, म्हणजे बारीक लाल कडधान्य, घालून लालसर 'सेकिहान' भात रांधला होता. चिकट तांदूळ बाळाच्या घशात अडकतो, म्हणून चिऊची वाटी नेहमीची. मी दादाला ओवाळलं, चिऊने तिच्या भावाला आमच्या हातांनी ओवाळलं आणि सगळे खाली तातामीवरच जेवायला बसलो. ताटात सेकिहान, तिसऱ्यांचं सुकं, कोमात्सुना आणि चकली. दादा बराच वेळ काही बोलला नाही, नुसता जेवत होता. मग त्याने आईपुढे ताट सरकवलं, "आई, थोडं सुकं वाढ ना अजून."