बोटभर फट

परवा रात्री एसीने एकदा घसा खाकरल्यासारखं केलं आणि तो गप्प झाला. सकाळी मेकॅनिक आला. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यावर त्याने बोटाने दोनदा टकटक केलं, जरा थांबला आणि मगच झाकण काढलं. आत पाल होती. वाळून कडक झालेली, चारही पाय पसरलेली, आतल्या सर्किटच्या कार्डावर शिक्का मारावा तशी चिकटून बसलेली. “कार्ड गेलं,” तो म्हणाला. पालीबद्दल काही बोलला नाही. त्याच्या लेखी ती रोजचीच.

मी मात्र त्या पायांकडे बघत राहिलो. ज्यांच्या जिवावर ती जन्मभर छताला उलटी लटकली, त्यांनीच तिचा घात केला. विजेला वाट लागते. इथे विजेचा एक दाब, तिथे दुसरा आणि मधे कुणीतरी सापडलं की झालं. उघड्या तारेवर चिमणी निवांत बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. पालीचे चार पाय चार ठिकाणी होते.

सापाची तर ठेवणच या बाबतीत दुर्दैवी. लांबच लांब! तोंड तारेशी पोचलं तरी शेपटी अजून खांबाच्या लोखंडावरच. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर याचा कहर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तपकिरी रंगाचा एक झाडसाप, बहुधा लष्करी सामानातून, तिथे उतरला. त्याला खाणारं बेटावर फारसं कुणी नव्हतं. त्याने रानातले पक्षी जवळजवळ संपवले आणि खांबांच्या ताणतारांवरून वर चढायला लागला. 1978 ते 1997 या वीस वर्षांत त्या एवढ्याशा बेटावर सापांमुळे सोळाशेहून जास्त वेळा वीज गेली. उपाय काय काढावा? मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉल घालून ते हेलिकॉप्टरमधून जंगलात टाकायचे. 80 मिलिग्रॅम त्या सापाला मारायला पुरतं. आपण डोकं दुखलं की त्याच्या सहापट घेतो आणि कामाला लागतो.

पण मुळात हे सगळे आत येतात कशाला? वीज खायला नक्कीच नाही. ट्रान्सफॉर्मर चालतो तेव्हा थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. आपल्या हिशेबात तो तोटा, थंडीने आखडलेल्या सापाच्या हिशेबात शेकोटी. उंदराला कोरडी जागा मिळते आणि कुरतडायला वायरचं वेष्टण; त्याचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात, ते झिजवायलाच हवेत. पाल किड्यांमागे येते, साप उंदरामागे. ‘घुसखोर’ हा शब्द म्हणून मला पटत नाही. उन्हापावसात आपणच एक अंधारी, उबदार ढोली उभी करायची, खाली वायरसाठी बोटभर फट ठेवायची आणि वर झाकणावर कवटीचं चित्र रंगवायचं. ते चित्र वाचणार कोण? आगीची धग लांबून लागते, पूर येताना ऐकू येतो. तार मात्र नुसती तार दिसते. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो खरा, पण ते कुणीतरी शेजारी घोरत असल्यासारखं.

मुंग्यांची कथा मला सर्वांत जिव्हारी लागते. काही जातींच्या मुंग्या स्विचमध्ये, रिलेमध्ये (म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) शिरतात. एकीला धक्का बसतो. मरता मरता ती धोक्याचा गंध सोडते आणि तो गंध ओळखून बाकीच्या धावत येतात. त्यांनाही धक्का बसतो, त्याही गंध सोडतात. असं करत करत मेलेल्या मुंग्यांचा थर दोन संपर्कांच्या मधे साठतो आणि स्विच लागेनासा होतो. मदतीला धावणं एवढाच त्यांचा गुन्हा.

मोठ्या घरचे खोळंबेही असेच. 2016 च्या एप्रिलमध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा सत्तावीस किलोमीटरचा कणवेगवर्धक, म्हणजे कणांना प्रचंड वेगाने पळवणारं यंत्र, थांबला, तो 66 हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढलेल्या मुंगसाएवढ्या एका केसाळ प्राण्यामुळे. त्याच वर्षी जूनमध्ये केनियात एक माकड वीजकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरवर पडलं आणि देशभर अंधार झाला. माकड वाचलं. ते वाचलं हे कळल्यावर मला उगाचच हायसं वाटलं, अंधारात बसलेल्यांना वाटलं असेल की नाही कोण जाणे.

“ते टकटक कशासाठी?” मी मेकॅनिकला विचारलं.

“आत साप असला तर हलतो. आवाज येतो. सरळ हात घातला की संपलं.” मग जरा वेळाने, “एकदा हलला होता.” पुढचं त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवं कार्ड बसलं. मेन स्विच अजून बंदच होता. फट बुजवायला त्याने पुट्टीचा गोळा मळला आणि जागा पुसून घ्यायला फडकं आत घातलं. फडक्याबरोबर कोपऱ्यातून दोन पांढरी, मटाराएवढी टरफलं बाहेर आली. पालीची अंडी. दोन्ही फुटलेली, आतून रिकामी.

त्याने पुट्टी खाली ठेवली आणि पत्र्यावर पुन्हा दोनदा टकटक केलं.